गाणं विकू नकोस, वाट्यानं लाव

‘काका, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय २७. पेटी वाजवतो, गातो, अभंगांना आणि माझ्या एका मित्राच्या कवितांना चाली लावतो. बेळगावात एका क्लासमध्ये आठवड्यातून तीन दिवस शिकवतो. यूट्यूबवर १९ गाणी आहेत, १,४०० सबस्क्रायबर आहेत, पण वर्षभरात हातात काही आलं नाही. २०२३ मध्ये एका कंपनीला मित्राच्या दोन कवितांची गाणी मिळून ५,००० रुपयांना दिली, कागदावर सही केली. कार्यक्रम होतात, पण हिशेब केला की काही उरत नाही. एका रात्रीचा हिशेब सोबत जोडतोय. बाबा म्हणतात उद्यमबागेत फौंड्रीत लाग. मित्र म्हणतो पुण्याला चल. गाण्यावर घर चालेल का? खरं सांगा.’
– एक पेटीवाला, खानापूर तालुका (पत्र इथं थोडक्यात दिलं आहे)

प्रिय पेटीवाल्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसलो आणि तू दिलेले आकडे वहीच्या मागच्या पानावर मांडले. गाण्यावर घर चालेल. पण एका ठिकाणाहून येणार नाही, पाच-सहा ठिकाणांहून थोडं थोडं येईल, आणि पहिली दोन वर्षं बाबांच्या शेजारी जेवायला बसलास की घास जड जाईल. तेवढं सोसायची तयारी असेल तर पुढचं सांगतो.

आधी त्या ५,००० रुपयांच्या कागदाबद्दल. पत्रात तू तो दोन ओळींत उरकलास, मला मात्र तिथंच थांबावं लागलं.

१९९१ साली मी जवळजवळ तुझ्याच वयाचा होतो. यल्लम्मादेवीच्या दोन गाण्यांना चाली लावल्या होत्या. कॅसेट काढणाऱ्या एका माणसानं ७०० रुपये हातावर ठेवले, एका कागदावर सही घेतली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून कुंदा खाल्ला. पुढच्या माघी पौर्णिमेला आईला घेऊन सौंदत्तीच्या डोंगरावर गेलो तर नारळ-भंडाऱ्याच्या दुकानांत माझीच चाल वाजत होती. एका दुकानात थांबून कॅसेटचं कव्हर उलटून पाहिलं. गायकाचं नाव होतं, कंपनीचं नाव होतं, माझं नव्हतं. आई दुकानदाराला म्हणाली, ‘ह्ये माझ्या ल्योकानं केलंय.’ तो नारळ मोजता मोजता म्हणाला, ‘असंल की.’ डोंगर उतरेपर्यंत आई माझ्याशी त्या गाण्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून.

आपल्याकडं अडचणीपोटी कुणी शेत विकायला निघालं की घरातली म्हातारी माणसं आडवी येतात. खंडानं दे, वाट्यानं लाव, पण उताऱ्यावरचं नाव सोडू नको, म्हणतात. गाण्याचंही अगदी तसंच धर.

एका गाण्यात दोन शेतं असतात. पहिलं म्हणजे रचना : शब्द आणि चाल. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याची. दुसरं म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे स्टुडिओतून बाहेर पडलेली ती फाईल. मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी ज्यानं घेतली तो कायद्यानं निर्माता, आणि ते शेत त्याचं. तू स्वतः स्टुडिओचे तास भरलेस, साथीदारांना पैसे दिलेस, तर निर्माता तूच. दोन्ही शेतांची कमाई वेगवेगळ्या वाटेनं येते. ही दोन शेतं वेगळी आहेत हेच माहीत नसल्यामुळं आपल्या भागातले किती तरी गुणी लोक दोन्ही एकाच सहीत देऊन बसले आहेत.

आता तुझा कागद काढ आणि तीन गोष्टी शोध : किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, आणि नेमक्या कुठल्या वापरासाठी. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं, म्हणजे २०२८ मध्ये गाणी तुझ्याकडं परत. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. आणि कंपनीनं एक वर्षाच्या आत त्या हक्काचा वापरच केला नसेल, तर कागदात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो हक्क आपोआप संपतो. तू म्हणतोस, दोनपैकी एक गाणं त्यांनी अजून चढवलेलंच नाही. मग ते गाणं आजच मोकळं झालेलं असू शकतं. तारीख बघ.

कागदावर ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलं असलं तरी घाबरू नको. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराला मोठा आधार दिला. गाणं वापरलं गेलं की रॉयल्टीतला समान वाटा मागायचा त्यांचा हक्क सही करूनही जात नाही. तसा सोडून दिल्याचा करार कायदा मानतच नाही. हे तुला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक, आणि हे बोलताना मी जरा कडक होणार आहे. शब्द मित्राचे आणि कागदावर सही एकट्या तुझी. मित्राचे शब्द देऊन टाकायचा अधिकार तुला नव्हता. त्यानं काही म्हटलं नसेल, मैत्रीत कुणी म्हणत नाही. पण ५,००० मधले त्याला किती दिलेस ते पत्रात नाही. ते आधी मिटव.

आता यूट्यूब. तिथं जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. पहिली अट तू पार केलीस, तास कमी पडतात. पण तुझं खरं दुखणं वेगळं आहे. तूच लिहितोस की सर्वांत जास्त पाहिलेले दोन व्हिडिओ म्हणजे जुनी सिनेगीतं. त्यांच्यावर मूळ कंपनीचा दावा लागतो आणि त्या व्हिडिओची कमाई सहसा तिकडं जाते. म्हणजे तू मेहनतीनं दुसऱ्याचं शेत नांगरतोयस. लोकांना ओढण्यासाठी एखादं असू दे, पण घाम स्वतःच्या चालीवर गाळ.

कमाई सुरू होईल तेव्हा कराचा फॉर्म आठवणीनं भर, पॅन क्रमांक घालून. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून येणाऱ्या कमाईवर भारतीयाचा १५ टक्के कर कापला जातो. फॉर्मच भरला नाही तर एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. आणि जमा १०० डॉलर होईपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत, तेव्हा महिनाभरात काही आलं नाही म्हणून खचू नको.

स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या ठिकाणी गाणं थेट देता येत नाही, मध्ये वितरक लागतो. कुणी वर्षाची फी घेतो, कुणी कमाईत वाटा घेतो. फी घेणाऱ्यांपैकी काही जण फी थांबली की गाणी उतरवतात, हे सही करण्याआधी विचार. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवून ठेव. वितरक बदललास तरी तोच क्रमांक पुढं न्यायचा. स्पॉटिफायवर २०२४ पासून १२ महिन्यांत निदान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मोजले जात नाहीत. म्हणून १९ गाणी एकदम ओतू नकोस. चांगली चार निवड, एकेक करून काढ, आणि प्रत्येक गाण्यासाठी महिनाभर माणसांच्या मागं लाग. एवढं करूनही या वाटेच्या पैशावर मी भिस्त ठेवणार नाही. तिथं गाणं असलं की आयोजकाला लिंक पाठवता येते, हा त्याचा आजचा खरा उपयोग.

तू आणि तुझा मित्र, दोघांनी आयपीआरएसचं सभासद व्हा. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून असलेली ही संस्था आहे. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, ऑनलाइन सेवा यांच्याकडून रचनेचा मोबदला गोळा करून वाटते. नुसतं सभासद होऊन भागत नाही, एकेक गाणं तिथं नोंदवावं लागतं, कुणाचा किती वाटा ते लिहून. गायक-वादक म्हणून तुझा आणखी एक वेगळा हक्क आहे, त्यासाठी इसामरा ही संस्था आहे. गावच्या सप्ताहात किंवा कुणाच्या लग्नात तुझं गाणं वाजलं तर मात्र रॉयल्टी नाही, धार्मिक विधीला आणि लग्नाला कायद्यातच सूट आहे. मला ती योग्य वाटते. सप्ताहात आपली चाल कुणी म्हटली तर पैसे मागायची इच्छा तुलाही होणार नाही.

आता तुझा तो रात्रीचा हिशेब. पोटाचा प्रश्न इथं सुटणार आहे.

बिदागी १८,०००. गाडी ३,०००, साउंडवाला ४,०००, तबला २,५००, पखवाज २,०००, टाळ-कोरसची तीन पोरं ७०० प्रमाणे २,१००, निवेदक १,५००. झाले १५,१००. तुला उरले २,९००, आणि तालमीचे सहा दिवस त्यातच. तुझ्या अक्षरात शेवटचा आकडा पुसट झालाय, दोनदा खोडून लिहिलेला दिसतो.

पोरांच्या पैशाला हात लावायचा नाही. साथीदाराला वेळेवर पैसे देणारा माणूस अशी तुझी ओळख आहे ती सोन्यासारखी आहे. पण गाडी आणि साउंड तुझ्या बिदागीत का? इथून पुढं सुपारी घेताना सांगायचं : साउंड, गाडी आणि जेवण मंडळाकडं, आमचं मानधन १८,०००. त्याच रात्री तुला ९,९०० उरले असते. मंडळाला ते जड जात नाही, कारण साउंडवाला बहुतेक गावातलाच असतो आणि त्यांना तो तुझ्यापेक्षा कमीत देतो. मी हे पहिल्यांदा बोललो तेव्हा जीभ अडखळली होती. एका मंडळानं ‘मग राहू दे’ म्हटलं, दुसऱ्यानं निमूट मान्य केलं, आणि पहिलं मंडळ पुढच्या वर्षी परत आलं.

निम्मा विसार आधी घे, उरलेले पैसे पेटी उघडण्याआधी. तारीख, वेळ, किती तास, रद्द झाल्यास विसार परत मिळणार नाही, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून त्यांच्याकडून ‘ठीक आहे’ एवढं तरी घे. शाल आणि नारळ आदरानं स्वीकार, डोक्याला लाव. तो मान आहे, मजुरी वेगळी. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘देवाच्या कामाचे पैसे कसे मागायचे गा.’ देवळाच्या मांडववाल्याला, फुलवाल्याला, आचाऱ्याला पैसे मिळतात आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. स्वतःच्या गावच्या सप्ताहात फुकट गा, मनापासून गा. बाहेर मजुरी माग.

काम कुठलं शोधायचं, यात तू फक्त गायचा विचार केलास. आपल्या भागात चाल लावून देणाऱ्याला, आवाजाचं काम करून देणाऱ्याला मागणी आहे. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक डोळ्यांसमोर आण. सजीव देखाव्याला संवाद लागतात, पोवाड्याचा तुकडा लागतो, तुतारी-हलगीची पार्श्वभूमी लागते, आणि मंडळं शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी गाठून ते घाईघाईनं करून घेतात. तू दोन महिने आधी जा. चार मंडळांची कामं धर. गणेश मंडळाचं स्वतःचं गाणं, शाळेचं समूहगीत, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचं गीत, आणि कितीतरी वर्षांनी एकदा येणाऱ्या लक्ष्मी यात्रेसाठी गावाचं गाणं. अशा वेळी गाव खर्चाला मागंपुढं बघत नाही. पण इथंही तीच शेताची गोष्ट : वापरायला दे, विकू नको. ‘हे गाणं मंडळानं आपल्या कार्यक्रमांत आणि आपल्या पानावर वापरावं, चाल आणि शब्द आमचे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी पुरते.

आता एक असं सांगतो की काही वाचकांना आवडणार नाही. तू खानापूरचा, कन्नड तुला येते, बाजारात बोलतोस, पण गाताना कधी तोंडात येऊ देत नाहीस. भाषेचं आपलं दुखणं मला माहीत आहे, मीही त्यातच वाढलो. तरी पंडित भीमसेन जोशींकडं बघ. गदगकडचा माणूस, पण त्यांचा अभंग ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याच गळ्यातून कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदं ऐकताना कन्नड माणसाच्या. कुमार गंधर्वांचं सुळेभावी तर आपल्या बेळगावच्या कुशीतलं. तुकोबांचा अभंग आणि दासांचं पद एका बैठकीत गाणारा जाणता गायक आज धारवाडपासून निपाणीपर्यंत शोधावा लागतो. तू तो होऊ शकतोस. मराठी त्यानं कमी होत नाही. उलट ज्या गावात आज तुला बोलावत नाहीत तिथं तुकोबा पोचतील.

संतांच्या आणि दासांच्या शब्दांवर आज कुणाचीच मालकी नाही. तुकोबांच्या अभंगाला तू नवी चाल लावलीस तर ती चाल पूर्ण तुझी. मात्र लोकप्रिय झालेली चाल एखाद्या संगीतकाराची असते, अभंग जुना म्हणून ती मोकळी होत नाही. तुझ्या १९ मध्ये असे तीन अभंग मला वाटतात. तुझ्या स्वतःच्या चालीतले पाच आहेत, आणि त्यातला तो पिलू रागातला ऐकून मी खरंच गप्प बसलो होतो. सुरुवात त्याच्यापासून कर.

आकाशवाणीच्या धारवाड केंद्राची स्वरचाचणी दे. बी, बी-हाय, ए अशा श्रेणी असतात. श्रेणी मिळाली की केंद्राचं मानधन थोडंफार मिळतंच, पण पत्रिकेत नावापुढं ते लिहिलं की आयोजकाची बोलायची तऱ्हा बदलते. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्राबरोबर कर्नाटकही येतो, तिथंही कलाकार म्हणून अर्ज कर.

शिकवणं सोडू नको. क्लासच्या पगाराशिवाय गावात स्वतःचे सहा विद्यार्थी धर आणि त्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिकेच्या परीक्षांना बसव. परीक्षा असली की पालक वर्षभर टिकून राहतात. श्रावण ते दिवाळी कार्यक्रमांचे, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे, चैत्र-वैशाखात यात्रांचे पैसे येतात. जून-जुलै मात्र कोरडे जातात. आपल्याकडच्या त्या पावसात घर शिकवणीवरच चालतं. संस्था मानधनातून १० टक्के टीडीएस कापत असेल तर आयकराचं विवरण भर. उत्पन्न कमी असेल तर ते पैसे परत मिळतात, आणि उद्या कर्ज काढायचं झालं तर बँकेला दाखवायला कागद होतो.

पुण्याला बिऱ्हाड करू नको. रेकॉर्डिंगला जा, कार्यक्रमाला जा, चार लोकांना भेट आणि रात्रीच्या गाडीनं परत ये. तिथं खोलीभाडं भरण्यासाठी तुला जे काम धरावं लागेल ते रियाझाचा वेळ खाईल. इथून दोन-तीन तासांत कोल्हापूर, धारवाड, सावंतवाडी, चोर्ल्याच्या घाटानं गोवा. गोव्यात भजनाला किती मान आहे हे तुला मी सांगायला नको. घर स्वतःचं, तांदूळ शेतातला, चारही दिशांना ऐकणारी माणसं. अशी जागा पुण्यातल्या पोराला मिळत नाही.

बाबांना फौंड्रीबद्दल सरळ नकार देऊ नको. त्यांनी तुझ्यासाठी विचार केला तो काळजीनं केला. त्यांच्यासमोर वही ठेव : दर महिन्याला गाण्यातून आलेले पैसे, डाव्या बाजूला कार्यक्रम, उजव्या बाजूला शिकवणी आणि इतर. पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत माग. हिशेब त्यांनाच करायला सांग, म्हणजे चांगल्या महिन्याचा आनंद त्यांच्याही वाट्याला येईल.

या शनिवारी मित्राला घरी बोलाव. नवी वही घे, १९ गाण्यांची नावं लिही, प्रत्येकापुढं शब्द कुणाचे, चाल कुणाची, मुद्रणाचा खर्च कुणाचा, तारीख, कुणाला काय दिलं. त्याचे शब्द आहेत तिथं निम्मा वाटा त्याचा लिही आणि दोघं सह्या करा. त्या ५,००० मधले २,५०० त्याच्या हातात दे. कंपनीचा कागद बेळगावात एखाद्या वकिलाला दाखव. मग पुढच्या आठवड्यात तो पिलूचा अभंग पुन्हा नीट मुद्रित कर, पखवाज जरा मागं ठेवून. मागच्या वेळी तुझा आवाज त्याच्याखाली दबलाय.

– तुझा काका